गाडी थांबवा म्हणायला लाजू नका

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी चाकाच्या नटांविषयी केलेलं भाषण. ज्या ताई सभेला येऊ शकल्या नाहीत त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आजच्या विषयपत्रिकेवरचा पाचवा विषय वाचून बऱ्याच जणी हसल्या. ‘गाडीच्या चाकाचे नट सुरक्षित कसे लावावेत.’ एक काकू तर मला दारातच म्हणाल्या, “ताई, पापड-मिरची सोडून आता गॅरेज काढायचं का?” काकू, गॅरेज काढायचं नाही. पण गेल्या महिन्यात आपण प्रभागसंघाच्या नावावर जुना छोटा हत्ती घेतला. त्याचे हप्ते आपण भरतोय. आपल्या दोन ताई लायसन काढून तो चालवतायत. जाधववाडीच्या मार्केटला भाजी जाते, शहरातल्या प्रदर्शनाला आपला माल जातो, आणि मालाबरोबर आपण जातो. मग ती गाडी ज्या चार चाकांवर चालते, ती चाकं कशाने धरून ठेवलीत, हे आपल्याला माहीत असायला नको का?

आपला जिल्हा तर गाड्यांचा जिल्हा आहे. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे. शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या मोटारी जुळवतात. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणींची पोरं, जावई, भाऊ वाळूजला, चिकलठाण्याला, शेंद्र्याला शिफ्टला जातात आणि दिवसभर नटच आवळतात. आणि आपण मात्र पंक्चर झालं की पदर सावरून रस्त्याच्या कडेला उभ्या राहतो आणि “झालं का हो भाऊ?” एवढंच विचारतो.

मीही तशीच होते. मी समाजकार्याची पदवी घेतलेली बाई. वर्गात आम्हाला गट बांधणी शिकवली, अहवाल लिहायला शिकवलं, नट कुणी शिकवला नाही. तो मी का शिकले ते आधी सांगते. यात माझीही चूक आहे, आणि ती तुमच्यासमोर सांगितल्याशिवाय मला पुढचं बोलायचा हक्क नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. खुलताबाद तालुक्यातल्या एका गावातून आम्ही नऊजणी भाड्याच्या जीपने शहरात प्रदर्शनाला निघालो होतो. सकाळीच गावात मागचं चाक पंक्चर निघालं. ड्रायव्हर भाऊंनी स्टेपनी लावली. आम्हाला स्टॉल मांडायला उशीर होत होता, म्हणून मीच मागे लागले होते, “भाऊ, आटपा, आटपा.” त्यांनी जॅकवर गाडी असतानाच नट फिरवले, जॅक काढला, पाना सीटखाली टाकला आणि निघालो.

खुलताबादच्या अलीकडे मागे बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, “चाक खुटखुट वाजतंय गं. आमच्या बैलगाडीची खीळ ढिली झाली की असंच वाजायचं.” मी काय म्हणाले माहितीये? “मावशी, रस्ता खराब आहे, त्याचा आवाज आहे.” मावशी गप्प बसल्या. शिकलेल्या पोरीपुढे कशाला बोला, असं त्यांना वाटलं असणार. मलाही आतून वाटलं होतं की आवाज नेहमीचा नाही. पण ड्रायव्हरला काय सांगायचं, त्याला राग आला तर, आपल्याला गाडीतलं काय कळतं, असं वाटून मीही गप्प बसले.

पुढे दौलताबादचा घाट उतरायचा होता. घाट सुरू व्हायच्या आधी मावशींनी पुढच्या सीटवर थाप मारली आणि मोठ्याने म्हणाल्या, “थांबीव रे बाबा गाडी. मला उतरायचंय.” भाऊंनी थांबवली. सगळ्या खाली उतरलो. त्या चाकाला पाच स्टड. एक स्टड तुटून नुसता खुंट राहिलेला. दोन नट माझ्या बोटांनी फिरले, ताई, पान्याची गरजच पडली नाही. उरलेले दोनही ढिले. भाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या दिवशी आम्ही दुसरी गाडी बोलावून दोन तास उशिरा पोचलो. विक्री अर्धी झाली. पण नऊच्या नऊजणी पोचलो.

तो ड्रायव्हर वाईट माणूस नव्हता. पहाटे चारपासून गाडीवर होता आणि घाई आम्ही केली होती. त्याला दोष देऊन माझं काम संपत नव्हतं. म्हणून मी शहरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे चार रविवार जाऊन बसले आणि विचारून विचारून शिकले. तेच आज सांगते. वहीत लिहून घ्या.

नट चाकाला कसा धरतो

आधी नावं. चाकाच्या मध्यभागी मागे जो गोल भाग फिरतो तो हब. हबमधून बोटाएवढे जाड, आटे पाडलेले दांडे बाहेर येतात, ते स्टड. चाकाच्या लोखंडी तबकडीला रिम म्हणतात, तिला भोकं असतात. ती स्टडवर बसते आणि वरून नट लागतात. लहान मोटारींना कुठे चार, कुठे पाच. मोठ्या गाड्यांना सहा किंवा जास्त. काही गाड्यांना, जसं आपल्या शेंद्र्याला बनणाऱ्या स्कोडाला, स्टड नसतात. तिथे लांब बोल्ट थेट हबमध्ये जातो. काम तेच, फक्त चाक हाताने धरून भोक जुळवावं लागतं.

आपल्याला वाटतं, चाक त्या स्टडवर टांगलेलं असतं, जसं खुंटीवर दप्तर. तसं नाही. नट आवळला की स्टड थोडासा ताणला जातो, अगदी केसभर, आणि ताणलेल्या स्प्रिंगसारखा रिमला हबवर दाबून धरतो. बारा मिलिमीटर जाडीचा एक स्टड नीट आवळला तर साधारण तीन-चार टनांचा दाब देतो. पाच नट मिळून पंधरा-वीस टन. या दाबाने रिम आणि हब एकजीव होतात. गाडीचं वजन, ब्रेकचा झटका, खड्ड्याचा दणका, सगळं त्या घट्ट दाबामुळे पेललं जातं.

आता नट ढिला असेल तर काय होतं? जात्याचा खुंटा आठवा. खुंटा घट्ट आहे तोवर कितीही दळा. एकदा का तो किंचित हलायला लागला, की प्रत्येक फेऱ्याला तो भोकाला ठोसे मारतो, भोक मोठं होतं आणि खुंटा आणखी हलतो. चाकाचं तसंच. रिम हबवर सरकायला लागते, स्टड प्रत्येक फेऱ्याला इकडे-तिकडे वाकतो. तार वाकवून वाकवून आपण कशी तोडतो? तसा स्टड तुटतो. एक तुटला की त्याचा भार शेजारच्या दोघांवर. मग तेही जातात. म्हणून चाक निखळतं तेव्हा ते एकदम निखळलं असं आपल्याला वाटतं, पण त्याची तयारी कित्येक किलोमीटर आधीपासून चाललेली असते. आणि तेवढा वेळ ते वाजून सांगत असतं. आमच्या मावशींनी ते ऐकलं. मी ऐकलं नाही.

चाक लावताना काय करायचं

एक. जागा. गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या. रस्त्याच्या वळणावर, चढावर नको. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा. जे चाक काढायचंय त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड लावा. सगळ्यांनी खाली उतरायचं, लेकरांनी सुद्धा, आणि रस्त्यापासून लांब उभं राहायचं. मागे लाल त्रिकोण किंवा झाडाची फांदी ठेवा.

दोन. नट आधी ढिले, मग जॅक. चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट अर्धा फेरा ढिला करून घ्या. हवेत चाक फिरतं आणि जोर लावताना गाडी जॅकवरून घसरते. नट डावीकडे फिरवला की सुटतो, उजवीकडे फिरवला की आवळतो. जुन्या विलिस जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असायचे. तेव्हा फार जुनी गाडी असेल आणि नट सुटतच नसेल, तर आधी विचारा, मग जोर लावा.

तीन. जॅक गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागीच लावा. गाडी जॅकवर असताना खाली हात, पाय, डोकं, काही घालायचं नाही. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा. जॅक सटकला तर गाडी त्यावर टेकेल.

चार. पुसून घ्या. हबचा चेहरा, रिमची मागची बाजू, नट बसतो ती जागा, सगळं कोरड्या फडक्याने पुसा. माती, गंज, रंगाचा पापुद्रा मध्ये राहिला तर आज नट घट्ट वाटतो, पण गाडी चालली की ती माती चुरून निघून जाते आणि तेवढी जागा ढिली होते. आपल्याकडे काळी माती, पावसाळ्यात चाकाला थापल्यासारखी बसते. म्हणून हे विसरू नका. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावायचं नाही. तेल लावलं की नट सहज फिरतो, तेवढ्याच जोरात स्टड गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. पुस्तकात लावा म्हटलं असेल तरच लावा.

पाच. नटाची निमुळती बाजू आत, चाकाकडे. बऱ्याच नटांची एक बाजू निमुळती असते. ती रिमच्या भोकात नेमकी बसते आणि चाक मध्यावर आणते. उलटा लावला तर घट्ट लागल्यासारखा वाटेल, पण धरणार नाही. आणि कुणाच्या तरी गाडीचा मिळताजुळता नट लावू नका. लोखंडी रिमचे आणि अलॉय रिमचे नट वेगळे असू शकतात.

सहा. पहिले फेरे हाताने. सगळे नट बोटांनी लावा, चार-पाच फेरे तरी. बोटांनी जात नसेल तर आटे तिरपे बसलेत. काढा, पुसा, पुन्हा लावा. तिथेच पाना घातला तर आटे गेलेच म्हणून समजा.

सात. चांदणी. शेजारी-शेजारी नट आवळत जायचं नाही. तसं केलं तर चाक एका बाजूने बसतं, दुसरी बाजू उघडी राहते. आपण रांगोळीत बोट न उचलता पाच टोकांची चांदणी काढतो ना? बोट ज्या क्रमाने टोकावर जातं त्याच क्रमाने पाच नट आवळायचे. चार असतील तर फुलीसारखे समोरासमोर. सहा असतील तरी समोरासमोर. जॅकवर असताना आधी एकदा हलकेच सगळे, मग गाडी खाली आणा, आणि चाक जमिनीला टेकल्यावर त्याच क्रमाने शेवटचं आवळणं. आमच्या जीपला हीच शेवटची पायरी राहिली होती.

किती जोर लावायचा

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. “बाईच्या हाताने नट आवळत नाही” असं आपल्याला ऐकवतात. आता हिशेब करू. आपण व्याजाचा हिशेब करतो, हाही करू.

लहान मोटारीच्या नटाला पुस्तकात साधारण ८० ते १२० न्यूटन-मीटर जोर सांगितलेला असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघायचा, अंदाज नाही. सोयीसाठी १०० धरू. म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला दहा किलो वजन. दांडा छोटा झाला की वजन वाढवायचं. गाडीबरोबर मिळणारा पाना साधारण ३० सेंटीमीटरचा असतो, त्याच्या टोकाला ३४ किलो लागतात. ३४ किलो म्हणजे पाण्याने भरलेले दोन हंडे. डोक्यावर आणि कमरेवर आपण हंडे वाहिलेत की नाही? मग हा जोर आपल्या अंगात आहे. तो कसा लावायचा एवढंच शिकायचं.

पाना नटावर असा घाला की दांडा तुमच्या उजव्या हाताला आडवा येईल. मग दोन्ही हातांनी सरळ खाली दाबा, अंगाचं वजन टाकून. नट उजवीकडे फिरतो आणि आवळतो. सोडताना दांडा डावीकडे आडवा ठेवा आणि तसंच खाली दाबा. वर ओढायचं नाही. वर ओढल्याने कंबर धरते, पाना निसटला की तोंडावर येतो.

आता दुसरी बाजू. काही ठिकाणी पान्यावर उभं राहून उड्या मारतात, पान्याला पाइप लावून लांब करतात. सत्तर किलोच्या माणसाने एक मीटर पाइपच्या टोकावर वजन टाकलं तर तो जोर सातशेच्या घरात जातो. लागतात शंभर, लावले सातशे! स्टड ताणून ताणून लांबतो, जुन्या चड्डीच्या इलॅस्टिकसारखा, आणि मग पुन्हा आखडतच नाही. (सभेत हशा.) हसू नका ताई, तो स्टड दिसायला जसाच्या तसा असतो आणि पुढच्या खड्ड्यात तुटतो. शिवाय रस्त्यात पंक्चर झालं तर तो नट कुणालाच सुटत नाही. म्हणजे कमी आवळणं जितकं वाईट, तितकंच जास्त आवळणंही वाईट.

यावर उपाय म्हणजे टॉर्कचा पाना. त्यावर आकडा लावायचा आणि दाबायचं. जोर पुरेसा झाला की ‘कट्ट’ असा आवाज येतो. एकदा कट्ट झालं की थांबायचं. चांगल्या वर्कशॉपमध्ये तो असतो. “भाऊ, शेवटचं टॉर्क पान्याने आवळा,” असं सांगायचं. आपल्या प्रभागसंघाने एक विकत घ्यावा असा ठराव मी शेवटी मांडणार आहे.

पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा

चाक लावलं, काम झालं, असं नसतं. नवीन बसवलेलं चाक थोडं चाललं की बसतं, आणि नट किंचित ढिले होऊ शकतात. म्हणून ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा तपासायचे. इथून पैठणला गेलात तर साधारण पन्नास होतात, म्हणजे पैठणला पोचल्यावर नाथांचं दर्शन आणि नटांची तपासणी, दोन्ही करा. चाक थंड असू द्या. त्याच आकड्यावर पाना लावून बघा. नट न फिरता कट्ट आलं तर ठीक. फिरला तर ढिला झाला होता. तोच नट दोन-तीनदा ढिला निघाला तर नुसता आवळून पुढे जाऊ नका, आत काहीतरी बिघडलंय, मिस्त्रीला दाखवा.

रोजच्या नजरेसाठी सोपी युक्ती. नट नीट आवळले की नेलपॉलिशने नटावरून रिमवर एक सरळ रेघ ओढा. रोज सकाळी चाकांकडे बघा. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय. नटापासून गेरूसारखा लाल ओघळ आला असेल तरी संशय धरा. गाडी चालताना वेगाबरोबर वाढणारी खुटखुट, स्टेअरिंगची थरथर, गाडी एका बाजूला ओढणं, यातलं काही जाणवलं की वेग हळूहळू कमी करून कडेला घ्या. जोरात ब्रेक मारू नका.

स्टड तुटला किंवा आटे गेले तर

“एक नाही तर नाही, चार तर आहेत,” हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. आपल्या समूहाची पंचसूत्री आठवा. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे. “परतफेड तेवढी नाही, बाकी चार तर आहेत,” असं कुणी म्हटलं तर आपण तो समूह चांगला म्हणू का? पाच नट दिलेत ते पाच लागतात म्हणून. एक जरी स्टड तुटला तरी ती गाडी माणसं भरून रस्त्यावर न्यायची नाही.

स्टड हबमध्ये मागून दाबून बसवलेला असतो. त्याच्या मानेवर बारीक दाते असतात, ते हबमध्ये रुततात. जुना काढून त्याच मापाचा नवीन बसवणं हे वर्कशॉपचं काम आहे, रस्त्याच्या कडेचं नाही. तुटलेल्याच्या शेजारचे दोन स्टडही बदलून घ्या, कारण त्यांनी जास्तीचा भार सोसलाय. रिमचं भोक लांबट झालं असेल तर ती रिम भंगारात.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगते. कुणी म्हणालं, “ताई, वेल्डिंग मारून देतो, पन्नास वर्षं हलणार नाही,” तर नको म्हणा. लोहार विळ्याला पाणी देतो म्हणून विळ्याची धार टिकते. तोच विळा चुलीत लाल केला तर पाणी उतरतं आणि विळा मऊ पडतो. स्टडचं पोलादही असंच पाणी दिलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेने ते उतरतं किंवा ठिसूळ होतं. बाहेरून मजबूत दिसतं, आतून गेलेलं असतं.

शेवटचं

कैकेयीची गोष्ट आपल्या आज्यांनी सगळ्यांना सांगितलीय. युद्धात दशरथाच्या रथाची खीळ निघाली, तेव्हा कैकेयीने तिथे आपलं बोट घातलं आणि रथ चालू ठेवला. आपण तिचं कौतुक करतो. करायलाच पाहिजे. पण मला लहानपणापासून एक प्रश्न पडतो. निघायच्या आधी ती खीळ कुणी तपासली नव्हती का?

आपण बायका बोट घालून गाडा ओढण्यात पटाईत आहोत. पैसे कमी पडले, घाल बोट. धान्य कमी पडलं, घाल बोट. दुखलं तरी बोलायचं नाही. त्या दिवशी जीपमध्ये मावशी आणि मी, दोघीही तसंच गप्प बसलो होतो. फरक एवढाच की मावशी दुसऱ्यांदा बोलल्या. नट शिकणं चार रविवारांचं काम आहे. “गाडी थांबवा” म्हणणं मला त्याहून अवघड गेलं. म्हणून ते आपण सगळ्यांनी मिळून ठरवू, म्हणजे एकटीवर येणार नाही.

मी तीन ठराव मांडते.

पहिला, प्रभागसंघाच्या गाडीसाठी टॉर्कचा पाना घ्यायचा आणि गाडीच्या नोंदवहीत एक रकाना वाढवायचा: चाक कधी काढलं, कुणी लावलं, पुन्हा कधी तपासलं, सही.

दुसरा, भाड्याच्या गाडीने सभेला, प्रदर्शनाला, देवाला, कुठेही जाताना निघण्याआधी आपल्यातल्या एकीने चारही चाकांचे नट मोजायचे. एक कमी असेल तर त्या गाडीत बसायचं नाही. उशीर झाला तरी चालेल. त्या उशिराबद्दल कुठल्याही ताईला दंड लावायचा नाही.

तिसरा, गाडीतल्या कुणीही, अगदी शाळकरी पोरीने जरी, “आवाज येतोय, थांबवा” म्हटलं, तर गाडी थांबवायची. आवाज खोटा निघाला तरी तिला कुणी हसायचं नाही. आणि दुर्दैवाने काही झालंच तर १०८ वर रुग्णवाहिका मिळते, ११२ वर मदत मिळते, हे दोन्ही आकडे गाडीत मोठ्या अक्षरात चिकटवायचे.

माझं बोलणं संपलं. आता चहा घ्या आणि सगळ्या अंगणात या. छोटा हत्ती तिथेच उभा आहे, चाकांना दगड लावलेत, आणि ज्या मिस्त्रींकडे मी शिकले ते आपला टॉर्कचा पाना घेऊन आलेत. प्रत्येक ग्रामसंघाच्या एकीने एक नट सोडायचा आणि एक आवळायचा, कट्ट आवाज येईपर्यंत. पहिल्या मावशी येतील. त्या आजही सभेत मागेच बसल्यात. मावशी, या पुढं.

(सभेने तिन्ही ठराव हात वर करून मंजूर केले. मावशींच्या नटाला दुसऱ्या दाबातच कट्ट आवाज आला.)